फुकटचा सल्ला

"बाबा म्हणतायत अभियांत्रिकी, आणि तू गप्प. म्हणजे तुझ्या मनात दुसरंच काहीतरी आहे," झेरॉक्सच्या यंत्रावर गुणपत्रिका पालथी घालत ताई म्हणाली. "बोल रे. ताकाला येऊन भांडं काय लपवतोस?"

मुलानं खालमानेनं इतिहास म्हटलं. वडिलांनी कपाळाला हात लावला. इतिहासानं कुणाचं पोट भरलंय, असं त्यांनी ताईलाच विचारलं. ताईनं वाद घातला नाही. मनाविरुद्ध घातलेली मुलं चार वर्षांचं शिक्षण सहा वर्षांत कशी पुरी करतात, तेवढं शांतपणे सांगितलं. दोन वर्षांच्या जादा खर्चाचा हिशेब वडिलांनी मनातल्या मनात केला असावा. जाताना ते म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणून, ताई."

ताई एकोणीस वर्षांची होती. पण सल्ला मागायला आलेल्या माणसाला 'अगं' म्हणणं जड जातं, म्हणून साठीचे लोकही तिला ताईच म्हणत.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक यंत्र, एक बाक, मागे पडदा आणि पडद्यामागे घर. ताईचे वडील गेले तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं दुकान चालवायला घेतलं. दाखल्यांच्या प्रती काढायला येणारे आईबाप यंत्र तापेपर्यंत एकमेकांना एकच गोष्ट विचारत: कुठलं कॉलेज, कुठली शाखा? ताईनं ते ऐकलं आणि एका सुट्टीत गावातली सगळी कॉलेजं पायी पालथी घातली. मागच्या बाकांवर बसली. शिपायांशी गप्पा मारल्या. कुठले सर वेळेवर येतात, कुठल्या प्रयोगशाळेला कायमचं कुलूप असतं, हे तिला कळलं. मग दारावर पाटी लागली: 'कॉलेज व शाखा निवडीचा सल्ला मिळेल.' त्या काळी असलं काही कुणी ऐकलं नव्हतं. लोक आधी हसले, मग रांगेत उभे राहिले.

तिचं स्वतःचं मात्र राहिलं होतं. एका हातानं यंत्र आणि दुसऱ्या हातानं पुस्तक सांभाळून तिनं परीक्षा दिली होती. गुण बेताचे पडले. जिथं जायचं होतं तिथलं दार तेवढ्या गुणांना उघडत नव्हतं. मागच्या वर्षी ती हात हलवत परत आली होती. प्रवेशासाठी निकाल दोनच वर्षं चाले, आणि हे दुसरं वर्ष होतं.

"गावाला वाटा दाखवतेस आणि आपण चौकातच उभी," आई पडद्याआडून म्हणे. दुसरं काहीतरी घे म्हणे. भलत्या दारानं आत जाण्यापेक्षा दुकान बरं, एवढंच ताई बोले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळे.

एका दुपारी ड्रॉइंगच्या मास्तरांची मुलगी आली. गुण उत्तम, बोटांना शाई. तिला छपाईतंत्र शिकायचं होतं. ती शाखा एकाच कॉलेजात होती आणि जागा वीसच. मुलीनं स्वतः काढलेली अक्षरं दाखवली. ताई ती बराच वेळ बघत राहिली.

"हे हातातलं आहे तुझ्या," ती म्हणाली. "यंत्रापुढं उभं राहून हात मरतो. वास्तुरचनेला जा. तिथं हातालाच मान आहे."

मुलगी हिरमुसली. पण आठवड्यानं तिची आई मुद्दाम येऊन आभार मानून गेली. पोरगी आता घरांचेच नकाशे काढत बसते, म्हणाली.

ताई कुणाला ठोकळेबाज उत्तर देत नसे. समोरचं माणूस बघून बोले. वैद्यकीला निघालेल्या एका भित्र्या मुलीला तिनं धीर देऊन तिकडेच पाठवलं. खोकणाऱ्या एका मुलाला म्हणाली, शाईचा वास तुझ्या छातीला सोसायचा नाही, छपाई सोड. दोघा भावांना एकाच शाखेत जायचं होतं, तर एकाला वाणिज्य सुचवलं आणि दुसऱ्याला शेती. पुढं दोघांनी मिळून धंदा काढला तर छापखान्याहून बरा चालेल, म्हणाली. भाऊ हसत गेले.

आईच्या एक लक्षात आलं. काहीजणांकडून ताई प्रतींचे पैसे घेई, सल्ल्याचे घेत नसे. मास्तरांच्या मुलीकडूनही घेतले नव्हते. आईनं विचारलं.

"त्यांच्या मनातलं मोडलं ना मी," ताई म्हणाली. "त्याचे कसे घेऊ?"

शेजारणीला आईनं सांगितलं, की धंदा करते, पण लेकीचं मन बापासारखंच मोठं आहे.

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी सकाळी ताईनं यंत्र बंद केलं आणि जरा जाऊन येते म्हणाली. कागद आणायला निघाली असेल, असं आईला वाटलं. तिनं हाक मारून छत्री तेवढी न्यायला सांगितली.

कॉलेजच्या कचेरीत शुकशुकाट होता. म्हाताऱ्या कारकुनानं चष्मा वर करून ताईचे गुण पाहिले, मग तिच्याकडे पाहिलं.

"नशीब काढलंत," ते म्हणाले. "एवढ्या गुणांवर या शाखेत आजवर कुणाला घेतलेलं नाही. दरवर्षी वीस जागांना इथं दारापर्यंत रांग असते. यंदा सात जागा रिकाम्या. कुणीतरी म्हणे पोरांना सांगत सुटलंय, छपाईला जाऊ नका म्हणून. तुम्हाला नाही कुणी सांगितलं?"

"नाही," ताई म्हणाली. "मी कुणाचा सल्लाच घेतला नाही."