दोन बोटं जागा

फ्रीजर उघडला तर बाटली तडकलेली. मानेपासून बुडापर्यंत काच उभी चिरली होती आणि झाकण ढकलून गोठलेलं दूध वर आलं होतं.

तिला आधी स्वतःचाच राग आला. दिवसभर प्रयोगशाळेत नमुने गोठवायचे, आणि घरी एक बाटली धड भरता येऊ नये? पण मग ती थबकली. गोठताना पाणी फुगतं, दूधही फुगतं. म्हणून वर दोन बोटं जागा सोडायची. ही सवय हाताला इतकी लागलेली की ती पाण्याचा पेलासुद्धा कधी काठोकाठ भरत नसे, आणि नवरा त्यावरून चिडवायचा. आज सकाळी कामावर निघताना अंगावरचं दूध काढून तिनं ही बाटली भरली, तीही दोन बोटं सोडूनच.

तिनं बाटली उजेडात धरली. तिचं दूध गोठलं की पिवळसर दिसायचं. हे पांढरट, विरळ होतं आणि काठोकाठ भरलेलं होतं.

बाहेरच्या खोलीत आई बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. शेजारी गुब्बी निजलेली. नाव आजीनंच हौसेनं ठेवलेलं. अंगावर मात्र मांस म्हणून नाही. कित्येक आठवडे वजनाचा काटा ढिम्म हलला नव्हता. डॉक्टर म्हणाले, बाळाला दूध पुरत नाही. आई म्हणाली, तुला दूधच कमी गं, त्यात दिवसभर बाहेर. पोटच्या पोरीला आपण उपाशी ठेवतोय, या विचारानं ती न्हाणीघराचं दार लावून रडायची. शेवटी आज दुपारी राजीनामा देऊन आली होती, आणि आल्या आल्या आईला तसं सांगितलंही होतं.

"आई, यात पाणी कुणी घातलं?"

आईनं वर पाहिलं. तडकलेली बाटली दिसली तसा तिचा हात घडीवर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"आज घाईत जरा जास्तच पडलं वाटतं. ही रडत होती ना."

"आज? म्हणजे रोज घालत होतीस?"

"डोळे काय वटारतेस? थोडं दूध ओतून टाकायचे, तेवढं पाणी घालायचे. पाणीच घातलं, विष नाही."

"अगं, हाडं मोजून घ्यावीत अशी झालीये ती!"

"भरेल आता. एरवी तू घरी बसली असतीस का? तू झालीस तेव्हा मी नाही सोडली नोकरी? मुख्याध्यापिका झाले असते मी. मला कुणी विचारलं होतं का? मग तूच कोण मोठी लागून गेलीस?"

तिनं बाटली खाली ठेवली आणि गुब्बीला उचललं. उचलताना हाताला काही लागलंच नाही, इतकी ती हलकी होती. तिच्या वासानं पोर जागी झाली आणि डोळे न उघडताच अधाशासारखी छातीला तोंड घासू लागली.

आईनं शेवटचं झबलं घडी करून गठ्ठ्यावर ठेवलं, उठून लेकीच्या पाठीशी उशी सरकवली.

"पाज आता पोटभर," ती मायेनं म्हणाली. "वेळच वेळ आहे तुला."