काचेतली पाच वर्षं

ओस्मारिनोंनी बार्सेलोस या आपल्या गावच्या नदीत जन्मभर टाकीत ठेवायचे तांबडे-निळे कार्डिनल मासे धरले. त्यामुळे मानाउस शहरात लेकीच्या, ज्युसिलेदीच्या घरी काचेची टाकी आली, तेव्हा मासे निवडायला ती त्यांनाच दुकानात घेऊन गेली.

"बाबा, हा नदीत किती जगतो हो?" ज्युसिलेदीने मुद्दामच विचारलं.

"वर्षभर. पाणी आटलं की डबक्यात तडफडून मरतो."

"आणि टाकीत?"

"चांगला पाच वर्षं."

"मग आता तुम्हीच बोला! डॉक्टर म्हणतात शहरात राहा, आणि तुमचं आपलं एकच, गावी सोड, गावी सोड."

ओस्मारिनो मिशीतल्या मिशीत हसले.

"दोन द्या," ती दुकानदाराला म्हणाली. "बाबांना तेवढाच विरंगुळा."

"दोन नको, वीस घे. याला गोतावळा लागतो, पोरी. एकटा पडला की कोपरा धरतो. पुढ्यात दाणे पडलेले असतात, पण तोंड लावत नाही."

रोज कामावरून परतल्यावर टेबलावर तसंच झाकलेलं दिसणारं बाबांचं दुपारचं ताट ज्युसिलेदीला आठवलं.

शुक्रवारी बार्सेलोसला जाणाऱ्या बोटीत बाबांची झोपायची झोळी तिने स्वतःच्या हाताने बांधली.