धाकट्याचे खिसे

धाकट्या दिराच्या जॅकेटचे खिसे तिने उलटे करून झटकले. रुमाल, किल्ली, चुरगळलेलं तिकीट. बाकी काही नाही.

लॉन्ड्रीच्या काउंटरवर खिसे तपासल्याशिवाय ती कपडा आत जाऊ देत नसे. तिच्या हातून काही सुटायचं नाही, नाकातून तर नाहीच. आणि आज घरात पुन्हा तोच वास होता, गोडसर, स्ट्रॉबेरीचा. आतल्या खोलीत सासूबाईंची छाती पुन्हा वाजत होती.

पंधरवड्यापूर्वी याच्याच व्हेपच्या, त्या बॅटरीवरच्या सिगारेटच्या, धुराने त्यांचा दमा उसळला. जीव जाता जाता राहिला. दारात अँब्युलन्स, तिने टेबलावरचं हाताला लागेल ते औषधांच्या पिशवीत कोंबलं आणि पळाली. "पुन्हा धूर झाला तर वाचवता येईलच असं नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. धाकट्याने आईचे पाय धरून शपथ घेतली होती.

"कुठे लपवलीयस?"

"वहिनी, सोडली म्हटलं ना! होती तीसुद्धा त्याच दिवशी हरवली."

"बरी वेळेवर हरवली रे!"

"तुझा विश्वासच नाही का माझ्यावर?"

"आई आत धापा टाकतायत. कुठून आणू विश्वास? तुझ्या दादाशी बोललेय मी. सामान भर."

दारात तिने त्याची बॅगही उपसली, शर्टांच्या घड्या मोडून पाहिल्या. काही सापडलं नाही. भलताच बेरकी निघाला मेला, तिने मनात म्हटलं. तो मान खाली घालून जिना उतरला तेव्हा मात्र तो दिसेनासा होईपर्यंत ती कठड्यावरून वाकून बघत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा याच्या शाळेचा डबा तीच भरायची.

पण आईंचा जीव मोठा. तिने खिडक्या सताड उघडल्या आणि दम्याचा नवा पंप घेऊन आत गेली. उशाशी औषधांची पिशवी. आपलं औषध आपण घ्यायचं, हा सासूबाईंचा खाक्या. पिशवीला त्या कुणाला हात लावू देत नसत.

"आई, हा घ्या. आता बरं वाटेल बघा."

सासूबाईंनी पंप बाजूला सारला.

"तो नको गं, कडू लागतो," त्या धापा टाकत म्हणाल्या आणि पिशवीत हात घातला. "हॉस्पिटलात जाताना तू भरून दिलास ना, तोच घेते मी. ओढला की दिवा लागतो त्याचा, आणि वासही कसा गोड!"