वेळेला असू दे

“पिशवी भरली आहे. धावता येणार नाही.” गेम सुरू करताच पडद्यावर हेच. मी वैतागलोच.

आजारपणात आईचा वेळ जावा म्हणून मीच तिला हा गेम शिकवला होता. राक्षस मारायचे सोडून ती वाटेत दिसेल ते उचलायची. तुटक्या ढाली, दोऱ्या, रिकामे बुधले. गावातल्या कुणीही काम सांगितलं की लगेच हो म्हणायची. अर्धवट कामांची यादी एकसष्टवर गेली होती.

“आई, हा कचरा फेक ना!” मी ओरडायचो.

“असू दे रे. वेळेला कुठे शोधत बसायचं?”

काल तिचं तेरावं झालं. आज दुपारी मी एकेक वस्तू टाकायला बसलो. दोऱ्या गेल्या, ढाली गेल्या. तळाशी जखमेवरच्या औषधाच्या नव्व्याण्णव बाटल्या निघाल्या, सगळ्या सीलबंद. तिचा योद्धा दर लढाईत मरायचा, ती पुन्हा पहिल्यापासून खेळायची, पण औषध काही वापरायची नाही. “आत्ता नको. जास्त लागेल तेव्हा.”

माझा हात थांबला. दर सहा तासांनी मी तिला विचारायचो, “दुखायची गोळी घेतलीस?” ती हसून मान डोलवायची.

मी उठून तिचं कपाट उघडलं. साड्यांखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत गोळ्यांच्या पट्ट्या, रबर लावून नीट रचलेल्या. एकही गोळी काढलेली नव्हती.