अठरा सेंटिमीटर पाचोळा

स्टीलची पट्टी सागाच्या पाचोळ्यात अठरा सेंटिमीटर रुतली, तेव्हा कुठे मातीला टेकली. वनक्षेत्रपाल शर्वाणी वझलवार थकून तिथेच बसल्या. बावीस वर्षं ड्रोन या जंगलातली प्रत्येक ठिणगी विझवत आले होते आणि टेकडीवर जळण साचत गेलं होतं.

"मॅडम, टेकडी जाळू का?" खांद्यावरच्या यंत्राने विचारलं. गेले तीन हिवाळे ते रोज सकाळी हेच विचारत होतं. दव असताना थोडं थोडं जाळलं, तर उन्हाळ्यातला वणवा टळणार होता. पण हुकूम माणसानेच द्यावा, असा नियम होता. आधीच्या साहेबांनी पलीकडच्या टेकडीसाठी तो दिला, वारा फिरला, आग हाताबाहेर गेली, आणि ते अजून चौकशीच्या फेऱ्या मारत होते.

"आजही 'नको'च म्हणा," सोबत आलेल्या गावच्या सरपंच सुगंतीबाई बेठेकर हसल्या. "पुढच्या आठवड्यात तुमची बदली. नवे साहेब येतील, जंगल बघतील, चहा पितील. आम्ही आहोतच, वणव्याच्या भीतीने उन्हाळाभर पोरंबाळं घेऊन नदीच्या वाळूत झोपायला."

"वारा फिरला तर गाव जाईल, मावशी."

"आणि उन्हाळ्यात वणवा आला तर? तुमचे ड्रोन पुरतील?"

"नाही पुरणार."

शर्वाणींनी मान वर करून सागाच्या शेंड्यांकडे पाहिलं. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

"सगळ्यांना आत्ताच वाळूत न्या," शर्वाणी म्हणाल्या.

सुगंतीबाईंनी गावात फोन लावला. शेवटची बैलगाडी नदीत उतरेपर्यंत शर्वाणी उभ्या राहिल्या. मग त्यांनी नियमाप्रमाणे यंत्राला आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "जाळ."