साचलेले पॉइंट

"अंदमानची तीन विमानतिकिटं फुकट निघतील," वृंदानं नवऱ्यापुढे फोन धरला. "कार्डावर एवढे पॉइंट साचलेत."

सुजयनं नजर वळवली. आईच्या आजारपणात इस्पितळाची सगळी बिलं त्याच कार्डावर भरली होती. आई गेली, पॉइंट तेवढे उरले.

"नको. तिच्या दुखण्यावर आपण सहल करायची?"

"वापरले नाहीत तर बाद होतील रे."

शेजारी भाजी निवडत बसलेल्या वडिलांनी मान वर केली. "काढ तिकिटं, सुजय. तिची पाठ चोळून, जागरणं करून मी फार थकलोय. मला नुसतं समुद्राकडे बघत बसायचंय."

सुजय त्यांच्याकडे बघतच राहिला. थकवा तिघांनाही होता, पण आई गेल्यापासून तो शब्द कुणी उच्चारला नव्हता.

"खिडकीची जागा तुम्हाला घेतो, नाना," तो म्हणाला.