तिसरा क्लॅम्प

निजामपुऱ्यातल्या दातांच्या दवाखान्यात वीस वर्षं डॉक्टरांच्या हातात न सांगता नेमका क्लॅम्प ठेवणाऱ्या मंदामावशी आज स्वतःच खुर्चीत आ करून पडल्या होत्या. “पाक्कुं ने, मंदाबेन?” असं डॉक्टरांनी गुजरातीत दोनदा खात्री करून घेतली, तरी “रूट कॅनाल शर्वरीच करेल,” असं त्यांनी बजावलं होतं. शर्वरीची डॉक्टरकी महिन्याभराची. दाढ अर्धी तुटलेली. क्लॅम्पने ती घट्ट पकडून रबराचा पडदा ताणता आला तरच वाचणार. पहिला क्लॅम्प निसटला, दुसराही. मावशी मात्र निवांत छताकडे बघत होत्या. शर्वरीने दाढ पुन्हा निरखली, टोकं खाली वळलेला क्लॅम्प उचलला, गिळला जाऊ नये म्हणून त्याला दोरा बांधला आणि श्वास रोखून चढवला. तो खटकन बसला, हलवूनही हलेना. शर्वरीला नाचावंसं वाटलं. तेव्हा कुठे मावशींनी इतका वेळ आवळलेली मूठ उघडली. आत तसाच क्लॅम्प, दोरा बांधलेला.